Explainer: स्टेक भाजताना रस खरंच आत राहतो का? कोणाची होती ही कल्पना?

तापलेल्या तव्यावर स्टेक टाकला की बाहेरचा थर घट्ट होतो आणि रस आतच राहतो, असा समज आहे. तो रूढ केला जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी.

१८०३ मध्ये डार्मस्टाट येथे जन्मलेले लीबिग २१व्या वर्षी गीसेनला प्राध्यापक झाले. १८४७ मध्ये त्यांनी हा विचार पुस्तकातून मांडला. नाव मोठे असल्याने आचाऱ्यांनी तो स्वीकारला.

१८७३ मध्ये त्यांचे निधन झाले. १९३०च्या दशकातील प्रयोगांत हा समज चुकीचा ठरला. भाजल्याने रस थांबत नाही, खमंगपणा मात्र येतो. तव्याला चिकटलेली तीच खरवड क्रीम-मिरीच्या सॉसला चव देते.