अंगणात भरलेली शाळा

बालवाडी म्हटली की आधी खोली हवी, असे आपण धरून चालतो. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी मात्र अंगणापासून सुरुवात केली.

मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पण ही पद्धत खर्चिक होती; खेड्यातल्या मुलांपर्यंत ती पोहोचत नव्हती. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डीत काम सुरू केले. अनुताई वाघ सोबतीला आल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. बिया, पाने, शिंपले हीच साधने. आधी हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे. मग मोकळ्यावर खेळ. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभे राहिले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले.

त्यांचा हेतू शिक्षणाचा होता, जंतूंचा नव्हे. पण माती, झाडे यांवरील निरुपद्रवी जंतूंच्या सहवासात मुलांची प्रतिकारशक्ती शत्रू-मित्र ओळखायला शिकते, असे आता दिसते आहे. फिनलंडमध्ये ३ ते ५ वर्षांच्या ७५ मुलांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही पाळणाघरांच्या आवारात जंगलातली माती व हिरवळ आणली होती. तिथे खेळणाऱ्या मुलांच्या त्वचेवरील जंतूंची विविधता २८ दिवसांत वाढली. रक्तातही प्रतिकारशक्तीचा तोल सुधारल्याच्या खुणा दिसल्या. अभ्यास छोटा आहे. आजार कमी होतात, हे त्याने सिद्ध होत नाही.

शिवाय सगळी माती सारखी नसते. विष्ठेने दूषित मातीतून अंकुशकृमी शरीरात शिरतात, रक्त शोषतात. आधीच कुपोषित मुलाला हे झेपत नाही. म्हणून माती हवी आणि साबणही. बोर्डीच्या अंगणात खेळ आणि स्वच्छता दोन्ही होते.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या सुरू झाल्या. नावात अंगण राहिले. इमारतीत ते उरतेच असे नाही. डहाणू-तलासरीत नवी अंगणवाडी बांधताना समोरासमोर खिडक्या, ओटा, वापरता येईल असे शौचालय आणि हात धुवायला पाणी हवेच. पण सगळ्या आवारावर फरशी घालू नये. झाडाखालची थोडी स्वच्छ माती मुलांसाठी राखावी.