पुस्तकाला कुलूप नको, वाचक हवा : डॉ. रंगनाथन यांची वीस वर्षांची धडपड

दरवर्षी १२ ऑगस्टला देशभर ग्रंथपाल दिन साजरा होतो. शाळा-कॉलेजात एका फोटोला हार घालतात, दोन भाषणे होतात आणि कार्यक्रम आटोपतो. फोटो कुणाचा, असं मुलांना विचारलं तर अनेकांना सांगता येत नाही. ते आहेत डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. आज आपल्या गावात कुणालाही जाऊन बसता येईल असं वाचनालय असेल, तर त्यामागच्या विचारात या माणसाचा मोठा वाटा आहे.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ चा, तामिळनाडूतल्या शियाळी गावचा. लहानपणीच वडील गेले. शिकून ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९२४ साली मद्रास विद्यापीठाला ग्रंथपाल हवा होता. पगार बरा म्हणून मित्रांच्या आग्रहाने त्यांनी अर्ज केला आणि निवडही झाली. पण तिथलं चित्र वेगळंच होतं. पुस्तकं खूप, वाचक तुरळक. वर्गात रमणाऱ्या माणसाला तो एकांत सहन होईना. काही दिवसांतच ते परत कॉलेजात घ्या म्हणून विनवणी करू लागले. शेवटी असं ठरलं की आधी इंग्लंडला जाऊन हे काम शिकून या, नंतरही वाटलं तर परत या.

इंग्लंडने त्यांचे डोळे उघडले. तिथे त्यांनी शंभरावर ग्रंथालये पाहिली. लंडनजवळच्या क्रॉयडनला बर्विक सेयर्स या ग्रंथपालांच्या हाताखाली काम शिकले. तिथे ग्रंथालय फक्त पंडितांचं नव्हतं. कामगार, गृहिणी, लहान मुलं, सगळे हक्काने येत होते. आपल्याकडे पुस्तकं कपाटात आणि कपाटाला कुलूप. हा फरक त्यांच्या मनाला लागला. १९२५ मध्ये मायदेशी परतल्यावर गणिताच्या वर्गाकडे त्यांनी पुन्हा वळून पाहिलं नाही. मद्रासमध्ये त्यांनी कपाटं खुली केली, उघडण्याची वेळ वाढवली. वाचक वाढू लागले.

पण एका विद्यापीठाने देश शिकत नाही, हे त्यांना कळत होतं. म्हणून ते आपलं म्हणणं घेऊन शिक्षकांसमोर गेले. डिसेंबर १९२८ मध्ये चिदंबरमला शिक्षण परिषद भरली होती. जमलेल्या शिक्षकांपुढे त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. पुस्तक वापरण्यासाठी असतं. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि ग्रंथालय सतत वाढत राहतं. १९३१ मध्ये यावर त्यांचं पुस्तक आलं आणि ते जगभर गेलं.

दुसरं सूत्र नीट पाहिलं तर फार मोठं आहे. प्रत्येक वाचक म्हणजे गरीबही, बाईमाणूसही, खेड्यातलाही. मग ही सोय कुणाच्या दानावर सोडता येत नाही, ती कायद्यानेच द्यावी लागते. म्हणून डिसेंबर १९३० मध्ये बनारसच्या अखिल आशिया शिक्षण परिषदेत त्यांनी आदर्श ग्रंथालय कायद्याचा मसुदाच मांडला.

पुढची गोष्ट आपल्या समाजाने आवर्जून लक्षात ठेवावी. १९३३ साली मद्रासच्या विधिमंडळात हे विधेयक मांडलं ते बशीर अहमद सईद यांनी. त्याच वर्षी कलकत्त्याच्या परिषदेत भारतीय ग्रंथालय संघ स्थापन झाला. त्याचे पहिले सचिव होते इम्पीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल खलिफा मोहम्मद असदुल्लाह. म्हणजे या चळवळीत आपली माणसं पहिल्या रांगेत होती.

ते विधेयक मात्र तेव्हा कायदा होऊ शकलं नाही. रंगनाथन थांबले नाहीत. चिदंबरमच्या भाषणाला वीस वर्षं झाली तेव्हा, १९४८ मध्ये, मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा मंजूर झाला. घरपट्टीबरोबर थोडा ग्रंथालय कर घ्यायचा आणि त्यातून सर्वांसाठी मोफत ग्रंथालय चालवायचं, अशी ती व्यवस्था. महाराष्ट्रात असा कायदा १९६७ मध्ये आला. त्यात वेगळा कर नाही. आपल्याकडे बहुतेक वाचनालयं स्थानिक संस्था चालवतात आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड दर्जानुसार अनुदान देतं.

आयुष्यभराच्या बचतीतले १ लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले. त्याला पत्नी शारदा यांचं नावही जोडलं. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळुरूमध्ये त्यांचं निधन झालं.

आता आपल्याकडे वळून पाहू या. मोहल्ल्यात शादीखाना उभा राहतो, त्यासाठी वर्गणी जमते, ही चांगलीच गोष्ट. पण शेजारच्या वाचनालयात आपल्यापैकी किती जणांची नावं आहेत? कमी जागेच्या घरात अभ्यासाला कोपरा न मिळणाऱ्या मुलीला तिथलं एक टेबल, एक पंखा आणि दोन तासांची शांतता आयुष्य बदलून देऊ शकते. आपण तिकडे गेलोच नाही, तर तिथे आपल्या गरजेची पुस्तकं मागणार कोण? या महिन्यात एवढंच करू या : मुलांचा हात धरून वाचनालयात जाऊ या आणि त्यांची नावं नोंदवू या. कुलूप काढायचं काम रंगनाथन यांनी केलं आहे. आत पाऊल आपल्यालाच टाकायचं आहे.