बालवीरांचं दफ्तर सांभाळणारे न्यायमूर्ती : व्हिव्हियन बोस

स्काऊट म्हटलं की शाळेतले स्काऊट मास्तर आठवतात. शिट्टी, खाकी गणवेश, गळ्यातला स्कार्फ, दोरीच्या गाठी. या कामाला वेगळा पगार नसतो. आणि मास्तरांच्याही मागे एक बिनपगारी माणूस लागतो, जो पथकांची नोंद ठेवतो, नव्या मास्तरांना तयार करतो, शिबिरांच्या परवानग्या मिळवतो आणि पत्रांना उत्तरं देतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात हे काम १९२१ ते १९३४ अशी तेरा वर्षं नागपूरच्या एका बॅरिस्टरने केलं. पुढे हेच बॅरिस्टर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

व्हिव्हियन बोस यांचा जन्म ९ जून १८९१ चा, अहमदाबादचा. घराणं मात्र नागपूरचं. आजोबा सर बिपिनकृष्ण बोस हे नागपूरचे नामांकित वकील आणि नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. नातवाचं शिक्षण इंग्लंडमध्ये, केंब्रिजला झालं. १९१३ साली बॅरिस्टर होऊन ते परतले आणि नागपुरात वकिली करू लागले. १९२४ ते १९३० या काळात ते तिथल्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्यही होते.

भारतात स्काऊटिंग १९०९ साली बंगळूरला सुरू झालं, पण सुरुवातीला ते गोऱ्यांच्या मुलांपुरतंच होतं. भारतीय मुलांना दार बंद, म्हणून ॲनी बेझंट यांनी १९१७ साली मद्रासला वेगळी संघटना काढली. पाठोपाठ पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची बालवीर संघटना उभी केली. १९२१ साली बेडन-पॉवेल स्वतः भारतात आले, त्याच वर्षी बोस प्रांताचे मानद सचिव झाले.

बालवीरांची रचना नेत्याची परीक्षा पाहणारी आहे. पथकात सहा-आठ मुलांचे संघ असतात आणि प्रत्येक संघाचा नायक मुलगाच असतो. मास्तरांनी त्या नायकाला तयार करायचं आणि मग मागे सरकायचं. तंबू वाकडा उभा राहिला तरी लगेच हात घालायचा नाही. पण चूल, पाणी, प्रथमोपचार आणि पोरं मोजून घरी पोहोचवणं, ही जबाबदारी मोठ्यांचीच. ज्याला सगळं स्वतः करायची सवय, त्याला हे काम जड जातं.

१९३० साली बोस यांचा विवाह आयरीन मॉट यांच्याशी झाला. त्या अमेरिकेतल्या जॉन मॉट यांच्या कन्या. मॉट यांना पुढे शांततेचं नोबेल मिळालं. भारतातल्या खेड्यातल्या मुलावर आयरीन यांनी लिहिलेलं ‘तोताराम’ १९३३ साली प्रसिद्ध झालं. १९३४ मध्ये बोस प्रांतिक आयुक्त झाले आणि १९३६ मध्ये नव्या नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती.

खरी अडचण शपथेची होती. तेव्हाच्या स्काऊटच्या शपथेत राजाशी निष्ठा होती, आणि बाहेर स्वातंत्र्याची चळवळ पेटलेली. १९३७ च्या भारतभेटीनंतर बेडन-पॉवेल यांच्या भारतीयांविषयीच्या विधानांवरून संताप उसळला आणि १९३८ साली हिंदुस्तान स्काऊट असोसिएशन निघाली. बोस जुन्या संस्थेतच राहिले. १९४२ साली त्यांना तिचा सर्वोच्च सन्मान, सिल्व्हर वुल्फ, मिळाला. त्याच वर्षी चिमूर आणि आष्टी पेटलं होतं. एवढ्यावरून त्यांना सरकारी माणूस ठरवणं सोपं, पण चुकीचं. युद्धकाळात विनाचौकशी डांबलेल्यांना न्यायालयात दाद मागण्याचा हक्क उरतो, अशी भूमिका याच बोस यांनी निकालपत्रात घेतली.

स्वातंत्र्यानंतर देशात स्काऊटच्या एकाहून अधिक संघटना होत्या. बोस १९४७-४८ मध्ये काही महिने जुन्या बॉय स्काऊट्स असोसिएशनचे राष्ट्रीय पातळीवरचे आयुक्त होते. संघटना एक करण्यासाठी मौलाना आझाद, कुंझरू, बाजपेयी आणि तेव्हा नागपूरला राज्यपाल असलेले मंगलदास पक्वासा खटपट करत होते. त्यांत बोसही होते. ज्या संस्थेत उमेद घालवली, तिचं नाव पुसलं जाणार हे त्यांना दिसत असणारच. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ स्थापन झाली. वर्षभरात गाईड्सही आल्या.

परभणीजवळचं झरी पूर्वी निजामाच्या हद्दीत, म्हणून बोस यांच्या दफ्तराबाहेर. आता नागपूर आणि झरी एकाच राज्य शाखेखाली येतात.

बोस १९५१ ते १९५६ सर्वोच्च न्यायालयात होते. अन्वर अली सरकार खटल्यातलं त्यांचं समानतेवरचं निकालपत्र कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. १९५६ मध्येच त्यांच्या जुन्या प्रांतातल्या पचमढीला स्काऊट-गाईडचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. २९ नोव्हेंबर १९८३ रोजी बंगळूरला बोस यांचं निधन झालं.