बेथोव्हेनचे आभारगीत

लुडविग व्हान बेथोव्हेनचा जन्म १७७० साली जर्मनीतील बॉन येथे झाला. वडील दरबारी गायक, परंतु व्यसनी. आई १७८७ साली वारली आणि धाकट्या भावांचा भार त्याच्यावर पडला. १७९२ साली तो व्हिएन्नाला गेला, तो कायमचाच. पियानोवादक म्हणून नाव होऊ लागले न लागले तोच, तिशीच्या आत, त्याचे कान अधू होऊ लागले. १८०२ साली भावांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात त्याने जीव देण्याचा विचार मनात आल्याचे सांगितले आहे. ते पत्र त्याने धाडलेच नाही. मृत्यूनंतर ते कागदपत्रांत सापडले.

१८१८ पासून भेटीला येणारे लोक आपले म्हणणे वहीत लिहून दाखवीत. तो बहुधा तोंडानेच उत्तर देई. त्यामुळे त्या वह्यांत संवादाची एकच बाजू उरली आहे.

बहिरेपणानेच तो थोर झाला, असे पुष्कळदा म्हटले जाते. मला ते पटत नाही. बहिरेपण त्याने सोसले. संगीत आले ते लहानपणापासून घोटलेल्या विद्येतून.

१८२५ च्या एप्रिलात पोटाच्या विकाराने तो अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी मद्य, कॉफी, मसाले सारे बंद केले. त्या वेळी तो दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांसाठी ए मायनर क्वार्टेट रचीत होता. बरा झाल्यावर त्याने त्यात देवाचे आभार मानणारा एक दीर्घ, संथ भाग घातला. त्यासाठी जुन्या चर्चसंगीतातील लिडियन स्वरपंक्ती घेतली. तिचे स्वर आपल्या कल्याण थाटाचेच, तीव्र मध्यमासह. अर्थात तो राग नव्हे. मध्येच दोनदा चाल बदलते आणि अंगात नवी शक्ती आल्यासारखे वाटते. त्याच वर्षी आधीच्या एका क्वार्टेटच्या तालमीत तो वादकांच्या गजांवर डोळे लावून बसे. त्याच वर्षी हा क्वार्टेटही व्हिएन्नात वाजला. त्याने मात्र तो कानांनी कधीच ऐकला नाही. २६ मार्च १८२७ रोजी तो वारला.

१९३७ साली लंडनमध्ये बुश क्वार्टेटने याचे ध्वनिमुद्रण केले. त्यांचा प्रमुख अडॉल्फ बुश जर्मन होता, ज्यू नव्हता; तरीही नाझींच्या ज्यूद्वेषाच्या निषेधार्थ १९३३ सालीच त्याने जर्मनीत वाजविणे सोडले होते. त्या काळच्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपे, म्हणून हा एकच भाग ऐकताना तबकडी पुन्हा पुन्हा उलटावी लागे. पण वादकांना कसलीच घाई नाही. खरखरीतूनही ते गज अगदी सावकाश ओढलेले ऐकू येतात.