साखवाळ ते परळ : धर्मानंद कोसंबी यांची धडपड



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं कमिटीच्या मुलांनी सांगितलं. मी म्हणालो, धर्मानंद कोसंबींवर लिहितो. लगेच एकाने विचारलं, काका, ते तर सारस्वत ब्राह्मण, आपल्या स्मरणिकेत ते कशाला? प्रश्न काही चुकीचा नाही. पण बुद्ध समजून घ्यायचा म्हणून जो माणूस घरदार सोडून सिलोन-ब्रह्मदेशापर्यंत गेला आणि पुढे आपल्या गिरणगावात मजुरांच्या वस्तीत येऊन राहिला, त्याचं नाव आपल्या घराघरांत माहीत असलं पाहिजे. दुसरं कारण असं की, मनातली इच्छा प्रत्यक्षात कशी आणायची हे त्यांच्या आयुष्यातून शिकण्यासारखं आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. शाळेचं शिक्षण जेमतेम. लहान वयातच लग्न झालं आणि घरच्या माडांची देखभाल गळ्यात पडली. नारळ पाडायचे, विकायचे, कर्ज फेडायचं, यातच दिवस जात. अशात १८९७ च्या सुमारास बालबोधमेवा नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. एवढंसंच निमित्त. पण त्या लेखाने त्यांना झपाटलं. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा, असा ध्यास त्यांनी घेतला.

आता विचार करा, त्या वेळी त्यांच्याजवळ होतं तरी काय? पैसा नाही. इंग्रजी येत नाही. संस्कृत येत नाही, पाली तर दूरच. बुद्धाचा धर्म शिकवणारा माणूस आसपास एकसुद्धा नाही. घर सोडायचा बेत आधीही होऊन फसला होता. शेवटी १८९९ सालाच्या अखेरीस ते निघाले. घरी पत्नी बाळाबाई आणि नुकतीच जन्मलेली मुलगी माणिक.

इथे मी एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. मोठ्या माणसाच्या घर सोडण्याचं आपण कौतुक करतो, पण मागे राहिलेल्या बाईने काय सोसलं याचा हिशोब कोण ठेवतो? धर्मानंदांच्या विद्येत बाळाबाईंचाही वाटा आहे. तो विसरून त्यांची गोष्ट सांगू नये.

ते प्रथम पुण्यास गेले आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना भेटले. पालीसाठी आधी संस्कृत पाहिजे, म्हणून ग्वाल्हेरमार्गे काशीला पोचले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. तिथून बुद्धाचा धर्म शोधत १९०२ साली नेपाळात गेले. तिथे मोठी निराशा झाली. जे शिकायला गेले ते तिथे मिळालं नाही. दुसरा कोणी असता तर गोव्याला परतला असता. हे बोधगयेला आले. तिथे कळलं की त्रिपिटक शिकायचं तर सिलोनला जावं लागेल. मग कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीची मदत घेऊन ते कोलंबोला पोचले. विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे ते शिकू लागले आणि त्याच वर्षी श्रामणेर झाले. सिलोनचं हवापाणी आणि जेवण त्यांना सोसलं नाही, प्रकृती बिघडली. तरी पाली सोडली नाही. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ध्यानाचाही अभ्यास केला.

मी साच्यावर काम केलेला माणूस. साचेखात्यात पूर्ण ताका कधी एकदम दिसत नाही. तुटलेला एक धागा सांधायचा, साचा चालू करायचा, पुन्हा तुटला तर पुन्हा सांधायचा. धर्मानंदांचं तसंच झालं. साखवाळला असताना त्यांना कोलंबोचा रस्ता माहीत नव्हता. पुण्यापर्यंतचा माहीत होता, म्हणून ते पुण्याला गेले. पुढचा रस्ता चालता चालता कळत गेला. सगळं जमल्यावर निघू म्हटलं असतं तर जन्मभर माड मोजत बसले असते.

१९०६ साली ते कलकत्त्याला आले, चीवर उतरवलं आणि मोडलेला संसार पुन्हा जोडला. कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याचं काम मिळालं. पण आपल्या मराठी माणसापर्यंत बुद्ध पोचला पाहिजे, ही तळमळ स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात राहायचं आणि पुस्तकं लिहायची. धर्मानंदांनी कलकत्त्याची जास्त पगाराची नोकरी सोडली आणि ५० रुपये पत्करले. पगारवाढीसाठी झगडणारे आपण, आपल्याला हे नीट समजेल.

पुढे १९१० साली अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणं आलं. हेन्री क्लार्क वॉरेन नावाच्या विद्वानाने विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाचं संपादन हाती घेतलं होतं, पण काम अर्धवट टाकून ते १८९९ साली वारले. त्याच साली धर्मानंद घर सोडून निघाले होते, तेव्हा त्यांना पाली येत नव्हती. तोच माणूस हे काम पुरं करायला समुद्र ओलांडून गेला. यासाठी त्यांच्या अमेरिकेला चार फेऱ्या झाल्या. १९१८ साली माणिक आणि दामोदर या मुलांनाही शिकण्यासाठी सोबत नेलं. हेच दामोदर पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाले. हार्वर्डचा तो ग्रंथ १९५० साली छापून निघाला, तोवर धर्मानंद हयात नव्हते.

स्वतःजवळ एक पदवी नसलेला हा माणूस पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १९१२ ते १९१८ पालीचा प्राध्यापक होता. नंतर गुजरात विद्यापीठात गेले, रशियात लेनिनग्राडला गेले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगही भोगला. १९३७ साली परळच्या मजूरवस्तीत त्यांनी बहुजन विहार काढला आणि तिथेच राहिले. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली ती १९५६ साली. त्याच्या १९ वर्षं आधी गिरण्यांच्या भोंग्यात परळला एक विहार उभा होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा मराठी ग्रंथ प्रत्येकाने वाचावा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा त्यांनी तपासून बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांच्या भांडणाकडे बोट दाखवलं. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाचं कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला तंटा हेच आहे. ४ जून १९४७ रोजी वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे धर्मानंदांचं निधन झालं.

आता आपल्या घरचं. मागे आपल्या विहारात रविवारचा पालीचा वर्ग सुरू झाला होता. पहिल्या रविवारी सतरंजी पुरली नाही. महिन्याने तिघे उरलो, आणि पाऊस लागल्यावर मीसुद्धा जायचं सोडलं. हे लिहिताना मला लाज वाटते. वंदना रोज म्हणतो, पण तिचा अर्थ विचारला तर अर्ध्या ओळीवर अडतो. आपल्याला कोलंबोला जायचं नाही. चाळीतून विहारापर्यंत यायचं आहे.

म्हणून ठरवलं आहे. हा कार्यक्रम उरकला की येत्या रविवारी सकाळी मी वही घेऊन विहारात बसणार. कोणी आलं नाही तरी बसणार. तरुण मुलामुलींनी यावं, आयाबायांनी तर जरूर यावं. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, कोसंबींची पुस्तकं बाहेर काढून ठेवतो.

नमो बुद्धाय. जयभीम.