टोळधाडीचा माग काढणारा साहेब कीटक मारायच्या वायूनेच गेला

सारंगखेडा म्हटलं की दत्त जयंतीची यात्रा आणि घोडेबाजार आठवतो. पण तापीकाठचा हा सगळा खानदेश एकेकाळी दुसऱ्याच एका पाहुण्याच्या धास्तीत होता. तो पाहुणा म्हणजे टोळ.

१९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यात टोळधाडी आल्या. या जातीला नावच पडलं 'मुंबई टोळ'. नाकतोड्याच्याच कुळातला हा कीटक थव्याने उतरला की उभं पीक धोक्यात. लोक डबे बडवून थवा हुसकावायचे, तो शेजारच्याच्या शेतात जाऊन बसायचा.

याच काळात, १९०३ साली हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय भारतात आला. जन्म १८७७ चा, इंग्लंडमधला. केंब्रिजला शिकलेला आणि वेस्ट इंडीजमध्ये उसावरच्या किडींवर काम केलेला. सरकारने त्याला कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमलं होतं.

त्याने टोळाचं वर्ष कसं जातं, हे शोधलं. मुंबई टोळाची वर्षाला एकच पिढी होते. हिवाळ्यात थवे सह्याद्रीच्या जंगलात असतात. पावसाळा लागला की ते खानदेश, गुजरातसारख्या भागांत पसरतात. ओल्या जमिनीत मादी अंडी घालते. त्यातून निघालेल्या पिल्लांना पंख नसतात. काही आठवडे ती फक्त उड्या मारतात, पावसाळा सरता सरता उडू लागतात.

म्हणजे टोळाला गाठायचं, तर पंख फुटायच्या आत. उडता थवा कुणाच्याच हातात नसतो.

लेफ्रॉयचा हा अहवाल १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे बिहारमधल्या पुसा संस्थेत असताना, १९०९ साली, त्याचा 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' हा ग्रंथ आला.

१९१२ मध्ये तो लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक झाला. वेस्टमिन्स्टर हॉलचं लाकडी छत भुंगेरे पोखरत होते, त्यावर त्याने औषध तयार केलं. त्यातूनच 'रेन्टोकिल' कंपनी उभी राहिली. होय, आज आपल्याकडेही पेस्ट कंट्रोल करणारी तीच!

पण ऑक्टोबर १९२५ मध्ये माश्या मारायच्या विषारी वायूचा प्रयोग करताना तो प्रयोगशाळेतच बेशुद्ध पडला. चार दिवसांनी गेला. वय फक्त ४८.

मे २०२० मध्ये विदर्भात टोळ आले, ते वाळवंटी टोळ, वेगळ्या जातीचे. तेव्हा फवारणी रात्री आणि पहाटे केली गेली, कारण त्या वेळी थवा झाडांवर बसलेला असतो. औषधं आणि यंत्रं बदलली, पण हिशोब लेफ्रॉयचाच: टोळ उडत नसतो, तेव्हाच त्याला गाठायचं.