कल्याणच्या यमुनेनं निवडलेली शाखा

डॉक्टर झालेली मुलं पुढं भूलशास्त्र का घेतात, असं मला कल्याण-डोंबिवलीत अनेकजण विचारतात. मी स्वतः भूल देणारा डॉक्टर. उत्तर साधंच आहे. स्वतःचा दवाखाना थाटावा लागत नाही, बॅग उचलून चार नर्सिंग होम फिरता येतात. शिवाय दुसऱ्याचा श्वास सांभाळण्याची एक ओढ असते, पण ती घरच्यांना समजावणं कठीण! अशा वेळी मला आमच्या कल्याणचीच एक मुलगी आठवते. तिनंही शाखा निवडली होती.

यमुना जोशी, म्हणजे पुढच्या डॉ. आनंदीबाई. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव टपाल खात्यात, तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा. बायकोनं शिकलंच पाहिजे हा त्याचा हट्ट, आणि त्यापायी तो हातही उगारी. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. दहा दिवसांत गेला. बाईला तपासायला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुषापुढं जायचं तर संकोच, हे त्या काळच्या घराघरांतलं दुखणं तिनं अंगावर सोसलं.

१८८३ साली अठरा वर्षांची आनंदीबाई नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसली. साडी आणि शाकाहार सांभाळून फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकली. ईथरची भूल अमेरिकेत १८४६ पासून रुळली होती, बाळंतपणात क्लोरोफॉर्म १८४७ पासून. शस्त्रक्रियेचं नवं जग समोर उघडं होतं. तरी प्रबंधाला तिनं विषय घेतला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. या निवडीमागं ते दहा दिवसांचं बाळ होतं, असं मला तरी वाटतं.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा तिच्यासाठी ठरली होती. पण अमेरिकेतली थंडी आणि अपुरं अन्न यांनी शरीर पोखरलं होतं, क्षय बळावला होता. ती परतली ती आजारीच. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात तिला एकही बाळंतीण तपासता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली. बावीसही पुरी नव्हती.

तिची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेत तिला लेकीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंकडं पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, त्यांच्या घरच्या दफनभूमीत, ती आजही आहे.